जुन्या गाडीचा एसी पुन्हा सुरू केला : काही महिने वापरल्यानंतर

‘गॅस भरून देतो, चालू होईल’ हे वाक्य ऐकलं की आता माझं डोकं तडकतं. पहिल्या गॅरेजने तेवढंच केलं. काही आठवडे गार हवा आली, मग पुन्हा कोमट. जाब विचारला तर म्हणे, जुन्या गाडीत गॅस उडतोच. उडतो कसा? एसीचं सर्किट बंद असतं, त्यातला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता परत भरायचा म्हणजे आपल्याच पैशाने तो हवेत सोडायचा, आणि हा गॅस, म्हणजे आर-१३४ए, तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त घातक आहे.

दुसऱ्या मेकॅनिकने आधी नायट्रोजनचं प्रेशर देऊन जोडांवर साबणाचं पाणी लावलं. कंडेन्सरच्या, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीच्या, खालच्या जोडाशी बारीक बुडबुडे यायला लागले. आतली ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, काढली तर नखाने दाबूनही दबेना, इतकी कडक. एसी वर्षानुवर्षं बंद राहिला की तेल फिरत नाही आणि सील वाळतात.

गाडीचा एसी मूळचा आर-१२ या जुन्या गॅसचा. ओझोनला मारक म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो गॅस हळूहळू बंद झाला. त्याचं जुनं मिनरल ऑइल आर-१३४एमध्ये मिसळत नाही, त्यामुळे तेही बदलावं लागलं. ओलावा शोषणारा ड्रायर नवा टाकला आणि गॅस भरण्याआधी आतली हवा ओढून व्हॅक्यूम पुरेसा वेळ ठेवला. या दोन गोष्टींत काटकसर करू देऊ नका, आत राहिलेल्या ओलाव्याने आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, खातं.

उन्हाळाभर माझं मत होतं की एवढा खर्च वसूल नाही. धावत्या गाडीत छान गार, पण सिग्नलला उभं राहिलं की गारवा उतरतो, कारण कंडेन्सर जुन्या गॅसच्या हिशेबाने बनवलेला आहे. चढावर इंजिनची ओढ कमी होते ती वेगळीच, आणि पेट्रोलही जास्त लागतं.

पाऊस सुरू झाला आणि मत पार बदललं. इतकी वर्षं एका हाताने फडकं मारत, काच खाली करून खांदा भिजवत गाडी चालवली. आता एसी लावायचा, हीटरचा खटका गरमकडे करायचा, झोत पुढच्या काचेवर घ्यायचा आणि हवा बाहेरून घ्यायची. कूलिंग कॉइलवर हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं, ते नळीतून खाली रस्त्यावर पडतं आणि काचेवर कोरडी, उबदार हवा येते. वाफ आधी खालच्या कडेने सरकते, मग कोपरे मोकळे होतात, आणि रात्री समोरच्या दिव्यांची पसरट चकाकी जाऊन रस्त्याची कड स्वच्छ दिसते. माझ्या लेखी पैसे इथेच फिटले. गारव्याशिवाय चालेल, या काचेशिवाय आता नाही चालणार.

तुमचा कॉम्प्रेसर फिरत असेल आणि नुसती गळती असेल तर बेलाशक काम करून घ्या. तो जाम झाला असेल तर मात्र धातूचा चुरा पुढे कंडेन्सर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह या बारीक झडपेपर्यंत गेलेला असतो, सगळंच बदलावं लागतं. तेवढा खर्च मी केला नसता. माझ्या गाडीला आता कंडेन्सरपुढे जादा पंखा बसवायचा आहे, सिग्नलचं दुखणं तेवढं राहिलंय.