जीपी ५०००, गेटरस्किन की रुबिनो प्रो: रोड बाइकचे टायर बदलताना

मागच्या टायरवरून बोट फिरवून बघा. मधला भाग सपाट लागतोय आणि दोन्ही बाजूंना कंगोरा जाणवतोय, तर त्या टायरचं काम झालंय. कॉन्टिनेन्टलच्या रोड टायरांवर झीज कळावी म्हणून दोन बारीक खड्डे ठेवलेले असतात, ते बुजले की बदलायचाच. रबराखालचे दोरे दिसेपर्यंत ओढू नका. आठवड्यात दोनदा पंक्चर होऊ लागलं की आपण काचेला आणि काट्याला दोष देतो, पण बरेचदा मधलं रबर कागदासारखं पातळ झालेलं असतं.

मी पुण्यात सायकल चालवतो. रविवारी खडकवासला-पानशेत नाहीतर बोपदेव घाट, थंडीत एखादी २०० किंवा ३०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी. वजन ७२ किलो, सायकलला रिम ब्रेक. हे आधी सांगतोय, कारण टायरची निवड माणसाच्या वजनावर आणि त्याच्या रस्त्यांवर ठरते. माझा निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नका. तुमचे रस्ते वेगळे असतील तर निवडही वेगळी येईल.

आपल्याकडे रोड बाइकवाले टायर बदलायला निघाले की तीन नावं हमखास पुढे येतात: कॉन्टिनेन्टलचे ग्रां प्री ५००० (थोडक्यात जीपी ५०००) आणि गेटरस्किन, आणि व्हिटोरियाचा रुबिनो प्रो.

जीपी ५००० हा २०१८ च्या अखेरीस आला. वजनाने हलका, कंपनीच्या आकड्यानुसार २८ मिमीचा टायर सुमारे २३५ ग्रॅम. रबर मऊ आणि चिवट, त्याखाली व्हेक्ट्रान धाग्याची पंक्चर अडवणारी पट्टी. हा चढवून पहिल्यांदा बाहेर पडाल तेव्हा सायकल कुणी मागून हळूच ढकलतंय असं वाटेल. वळणावर, विशेषतः ओल्या डांबरावर, त्याची पकड विश्वास देणारी आहे. उणीव आहे ती साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत. ती पातळ आहे, आणि पंक्चरपट्टी फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली आहे, कडेला नाही.

गेटरस्किन हा त्याच कंपनीचा, पण स्वभावाने उलटा. त्याच्या साइडवॉलवर नायलॉनची तपकिरी जाळी असते, तिला ते ड्युरास्किन म्हणतात. हातात धरून दाबलात तरी कडकपणा कळतो. तोच कडकपणा रस्त्यावर हातांना आणि पाठीला जाणवतो, आणि ओल्या रस्त्यावर याची पकड जीपी ५००० च्या जवळपासही जात नाही. पावसाळ्यात घाट उतरताना मी यावर वेग कमी ठेवतो.

रुबिनो प्रो मधल्या वाटेचा. व्हिटोरिया कंपनी इटलीची, टायर बनतात थायलंडमध्ये. रबरात ग्राफीन मिसळलेलं असतं. जीपी ५००० पेक्षा जड आणि थोडा संथ, गेटरस्किनपेक्षा मऊ, किमतीने जीपी ५००० च्या बराच खाली. सरावासाठी रोज सायकल काढणाऱ्याला यात काही खटकणार नाही. त्याच कंपनीचा खालचा झाफिरो आणखी स्वस्त आहे. कॉलेजला जाण्या-येण्यासाठी ठीक, पण लांब पल्ल्याला थकवतो.

दुकानात टायर बघताना एका आकड्याने फसू नका, तो म्हणजे टीपीआय, एका इंचातले धागे. जीपी ५००० वर ३३० लिहिलेलं दिसतं आणि रुबिनो प्रोवर १५०, म्हणून पहिला दुपटीने तलम असं वाटतं. पण कॉन्टिनेन्टल तिन्ही थरांची बेरीज सांगते. म्हणजे ११० गुणिले तीन. गेटरस्किनचे १८० हे खरे ६० गुणिले तीन. दोन कंपन्यांचे टीपीआय शेजारी ठेवून काहीच ठरत नाही.

आता मुख्य मुद्दा, वेग विरुद्ध पंक्चर. रोलरवर घेतलेल्या चाचण्यांमध्ये ताशी २९ किमीच्या आसपास जीपी ५००० आणि गेटरस्किन यांत दर टायरमागे साधारण ८ ते १० वॉटचा फरक येतो. दोन्ही चाकांचा मिळून १६ ते २०. व्यावसायिक शर्यतवाल्याला हा फरक किती हे तो जाणे, पण तासन्‌तास १५० वॉटने चालवणाऱ्या माझ्यासारख्याच्या ताकदीचा तो दहावा हिस्सा किंवा थोडा जास्तच होतो. २०० किमीच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. माझ्या वेगाने सपाट रस्त्यावर ढोबळ हिशेब मांडला तर जीपी ५००० मुळे पल्ल्याभरात वीस-पंचवीस मिनिटं वाचतात. आणि रस्त्याकडेला चाक काढून, टायर आतून तपासून, ट्यूब बदलून, हातपंपाने पुरेशी हवा भरायला मला पंधरा मिनिटं लागतात. अंधारात वीस. म्हणजे गेटरस्किनने पल्ल्यात दोन पंक्चर वाचवले तरच तो बरोबरीला येतो. एकच वाचवला तर जीपी ५००० पुढे.

मग दर २०० किमीला दोन पंक्चर होतात का? हे रस्ता सांगेल. सातारा किंवा सोलापूर महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यावर सर्वात वाईट गोष्ट काच नसून तार असते. ट्रकचे रेडियल टायर फुटतात, त्यांच्या आतल्या पोलादी जाळीचे केसाएवढे बारीक तुकडे कडेला येऊन साचतात. असा पाऊण सेंटिमीटरचा तुकडा व्हेक्ट्रानमधूनही जातो आणि गेटरस्किनच्या पट्टीतूनही जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटालाही नीट लागत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, कापूस जिथे अडकेल तिथे तार आहे. ती बाहेरून ओढायला छोटा चिमटा लागतो, नखांनी निघत नाही. तार न काढता नवी ट्यूब घातली तर दोन किलोमीटरवर पुन्हा थांबावं लागतं. या तारेपुढे दोन्ही टायर जवळजवळ सारखेच असहाय आहेत. म्हणून महामार्गावरच्या पल्ल्यांसाठी गेटरस्किन घ्या असा जो सल्ला सर्रास मिळतो, तो मला पटत नाही.

गेटरस्किनची खरी गरज लागते ती तुटक्या कडेच्या अरुंद रस्त्यांवर. दोन वर्षांपूर्वी ताम्हिणी घाटात समोरून बस आली, मी डांबराच्या काठावरून खाली उतरलो आणि परत वर चढताना टायरची बाजू काठाच्या दगडावर घासली. टायर वेगळ्या कंपनीचा, हलका, शर्यतीचा होता. साइडवॉलला अंगठ्याच्या नखाएवढी चीर पडली आणि त्यातून ट्यूबचा फुगा बाहेर आला. खिशात दहाची नोट होती, तिच्या चार घड्या करून चिरेच्या आतून लावली, हवा निम्मीच भरली आणि पौडपर्यंत जीव मुठीत धरून आलो. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, आता फुटला. घरी आल्यावर पाहिलं तर नोटेवर चिरेचा ठसा उमटला होता. पंक्चर झालं तर ट्यूब बदलता येते. साइडवॉल फाटली तर जवळ दुसरा टायर नसेल तेव्हा प्रवास तिथेच संपतो. वेल्हे, भोर, मुळशीच्या आतल्या रस्त्यांवर जाणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा. तिथे गेटरस्किनची ती तपकिरी जाळी खरोखर उपयोगी पडते.

पण टायरच्या नावापेक्षा त्याची रुंदी जास्त फरक पाडते, आणि तिच्याकडे लोक कमी लक्ष देतात. सायकलसोबत २५ मिमीचा आला म्हणून पुन्हा २५ चाच घ्यायचा, असं करू नका. २८ मिमी बसत असेल तर तोच घ्या. टायरवर २८-६२२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास, जो ७००सी च्या, म्हणजे रोड बाइकच्या नेहमीच्या मापाच्या, सगळ्या चाकांना ६२२ मिमीच असतो. म्हणून रिम तीच ठेवून रुंदी बदलता येते. रुंद टायरमध्ये हवा जास्त मावते, त्यामुळे ती कमी दाबाने भरता येते. २५ वर मी ८५ ते ९० पीएसआय ठेवत असे, २८ वर पुढे ७० आणि मागे ७५ पुरतात. आपल्या खडबडीत डांबरावर याने सायकल संथ होत नाही, उलट कमी उसळते. खड्ड्यात ट्यूब रिमच्या दोन्ही कडांमध्ये चिमटली जाऊन जे जोडभोकांचं पंक्चर होतं, तेही कमी होतं. कात्रज ते खेड शिवापूर या एवढ्याशा पट्ट्यातही मनगटांना फरक कळतो.

बसेल की नाही हे मात्र विकत घेण्याआधी मोजा. ४ मिमीची एलन की घ्या आणि आत्ताच्या टायर आणि फ्रेममधून, मग टायर आणि ब्रेकमधून सरकवा. मागच्या ब्रेकजवळचा फ्रेमचा आडवा पूल आणि सीट ट्यूबजवळची (सीटखालच्या उभ्या नळीजवळची) जागा सर्वात अरुंद असते. २५ वर तिथे की सैल जाऊन वर दोनेक मिमी उरत असतील तर २८ बसेल. अडकत असेल तर २५ वरच थांबा. रिम रुंद असेल तर टायर छापल्यापेक्षा फुगतो. नव्या १९-२१ मिमी अंतर्गत रुंदीच्या रिमवर काही २५ चे टायर २७ भरतात, हेही धरून चाला. पावसाळ्यात चिखल आणि खडी अडकायला थोडी जागा ठेवावी लागतेच.

ट्यूबलेसचं, म्हणजे आत ट्यूब न घालता भोक बुजवणारा द्रव (सीलंट) भरलेल्या टायरचं, काय? रिम ट्यूबलेसची असेल आणि सीलंटची देखभाल करायची तयारी असेल तर वर सांगितलेल्या तारांवर तोच खरा उपाय आहे. बारीक भोक चाक फिरता फिरता भरून येतं. पण आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-अडीच महिन्यांत सुकतं, ते आठवणीने भरावं लागतं. मोठी चीर पडली तर शेवटी ट्यूबच घालावी लागते, आणि ट्यूबलेस टायरची कड रिमवर इतकी घट्ट बसते की रस्त्यात एकट्याने ती काढणं हे जिकिरीचं काम होतं. गावातला पंक्चरवाला इथे मदत करू शकत नाही. रिम हुकलेस, म्हणजे टायरची कड अडकवायला आतून आकडा नसलेली, असेल तर दाबाची मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, आणि टायर त्या रिमला चालणारा हवा. यात तडजोड नको, नाहीतर टायर रिमवरून निसटू शकतो. माझ्या रिम जुन्या आहेत, म्हणून मी ट्यूबवरच आहे.

श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसबद्दलही लोक विचारतात. त्यात ५ मिमी जाडीची रबराची गादी असते, ती तार, बाभळीचा काटा, काच सगळं पचवते. पण वजन जीपी ५००० च्या अडीच-तीन पट, आणि कडक टायर चढवताना अंगठे दुखतात. पाठीवर लॅपटॉप घेऊन हिंजवडीला रोज जाणाऱ्याला, किंवा पॅनिअर (सायकलला लटकवायच्या पिशव्या) लावून महिनाभर फिरायला निघणाऱ्याला, मी डोळे झाकून हाच सांगेन. रविवारच्या रोड बाइकवर घालू नका.

मी काय केलंय ते सांगतो. पुढे जीपी ५००० आणि मागे गेटरस्किन, दोन्ही २८. वळताना आणि ब्रेक लावताना भरवसा पुढच्या चाकाच्या पकडीवर असतो, पुढचं घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून पैसे तिथे घातले. मागच्या चाकावर वजन जास्त, झीज जास्त, आणि पंक्चरही तिथेच जास्त होतात, म्हणून तिथे चिवट टायर. वेगाचा फायदा निम्मा हातचा गेला, हे मान्य आहे. खर्चही जीपी ५००० च्या जोडीपेक्षा कमी. जून ते सप्टेंबर मात्र मागे ग्रां प्री ४-सीझन घालतो. त्यात व्हेक्ट्रानचे दोन थर आणि साइडवॉलला तीच ड्युरास्किन जाळी आहे, आणि ओल्या रस्त्यावर तो गेटरस्किनपेक्षा कितीतरी शांतपणे चालतो. पाण्याने रबर सहज कापलं जातं, पावसात काच जास्त रुतते ती त्यामुळेच, तेव्हा त्या चार महिन्यांत दुसरा थर उगाच नाही.

तुमचं फिरणं सगळं चांगल्या डांबरावर आणि गटासोबत असेल तर दोन्ही चाकांना जीपी ५००० घाला, मन मोकळं होईल. एवढे पैसे घालायचे नसतील तर दोन्हीकडे २८ चे रुबिनो प्रो, आणि वाचलेल्या पैशांतून दाब दाखवणारा फ्लोअर पंप. अंगठ्याने दाबून हवा तपासणाऱ्याला महागडा टायरही पंक्चरपासून वाचवू शकत नाही. दोन्ही चाकांना एकच टायर असेल तर मागचा झिजल्यावर नवा पुढे घाला आणि पुढचा मागे न्या. नवा टायर मागे आणि अर्धवट झिजलेला पुढे, हे करू नका.

विकत घेताना टायर हातात घेऊन साइडवॉल वाकवा. बारीक भेगा दिसल्या तर तो दुकानात फार दिवस उन्हात लटकला होता, तो नको. फिरण्याच्या दिशेचा बाण बघून चढवा, आणि टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हसमोर आणा. पुढे ट्यूबमध्ये भोक सापडलं की टायरवर नेमकी कुठे तार शोधायची ते लगेच कळतं.

आणि जुना टायर फेकू नका. साइडवॉल चिरली तर आतून लावायला कात्रीने त्याच्या साइडवॉलचे दोन-अडीच इंचांचे दोन तुकडे कापा, कडेची तार येणार नाही असे, आणि कोपरे गोल करा. माझे तुकडे सीटखालच्या पिशवीत दहाच्या त्याच नोटेत गुंडाळून ठेवलेले आहेत.