फियानो, आठ महिन्यांनंतर: झाकणावरचं खापर मागे

फियानो ही ऑस्ट्रेलियातून आलेली पांढरी वाईन. तिच्या एका खराब बाटलीचं खापर मी आधी झाकणावर फोडलं होतं. सहा बाटल्या, वर्ष एकच (2023), लॉट क्रमांक एकच. पाच चोख निघाल्या. सहावीचा रंग जुन्या मधासारखा, वास सकाळी कापून संध्याकाळपर्यंत उघडं राहिलेल्या सफरचंदाचा, आणि मागून शिजलेल्या कोबीची झाक. दुकानाचं उत्तर एवढंच, की फिरकीच्या झाकणाची वाईन खराब होत नाही. अडीच हजारांच्या घरातली बाटली गेली मोरीत.

पहिला संशय झाकणावरच होता. ॲल्युमिनियमचं झाकण नुसतं पकडून धरतं, हवा अडवते ती आतली चकती. कथिलाचा थर असलेली चकती हवा जवळजवळ आत येऊच देत नाही, बिनकथिलाची थोडी येऊ देते. बुचाचा कुबट वास टाळायला ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीत रीसलिंग ही पांढरी वाईन करणाऱ्यांनी 2000 साली हेच झाकण धरलं, ते योग्यच. पण सगळी भिस्त काचेच्या काठावर. झाकणाच्या कडेला ठोका बसून पोचा आला, की चकती हलते. शिवाय 20 अंशांची वाईन 40 वर गेली, की 750 मिली सुमारे 5 मिलीने फुगते. फट असेल तर वाईन बाहेर झिरपते आणि बाटली गार झाली की हवा आत ओढली जाते. खूण सोपी: आट्यांत चिकटपणा लागतो आणि शेजारच्या बाटलीपेक्षा पातळी खाली दिसते.

इथे मत बदलावं लागलं. सहावीच्या आट्या कोरड्या होत्या आणि पातळी बरोबर होती. फरक एकच: पाच बाटल्या बंद पेटीतून आलेल्या, सहावी पश्चिमेच्या काचेलगतच्या फळीवरची, डोक्यावर दिवा. बाटली पारदर्शक काचेची. कोबीचा वास उजेडाने येतो, सफरचंदाचा उष्णतेने. ढोबळ हिशोब असा की 10 अंश वाढले की बिघाडाचा वेग दुप्पट होतो. सोलापूरचा मे 42-43 अंशांचा, दुकानाचा एसी रात्री बंद. झाकण बिचारं निर्दोष. तेव्हा फळीवरची बाटली नको, पेटी फोडून मागा. पुण्याहून आणायची तर डिकीत नाही, थर्माकोलच्या पेटीत घालून सीटखाली ठेवा.

पैशांचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला. वाईनवरचं 150 टक्के आयातशुल्क 5 अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीला 100 वर आलं, 15 डॉलरच्या वरच्या बाटलीला 75 वर, आणि पुढे टप्प्याटप्प्याने उतरायचं आहे. इथल्या बिलात अजून त्याचा मागमूस नाही.

फियानो हा द्राक्षाचा वाण मूळचा इटलीतल्या कम्पानियाचा, पण दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मॅक्लारेन व्हेलच्या उन्हातही आंबटपणा धरून ठेवतो. म्हणून तर तिथे रुजला. नान्नजच्या लांबट, बिनबियांच्या सोनाका द्राक्षावर वाढलेल्या जिभेला नवल वाटेल: बारीक, जाड सालीचा, बियांचा मणी, आणि 12.5 ते 13 टक्के अल्कोहोल हवं तर तोडणी 22-23 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास.

फ्रिजमधून थेट ग्लासात ओतू नका. 4 अंशांवर नुसतं लिंबूपाणी लागतं. 10-12 अंशांवर नासपती, मध आणि हेझलनटची चव उघडते. उन्हाळ्यात ग्लासात एका वेळी 60-70 मिलीच घ्या, खोलीची गरमी बाकीचं करते. बाटली गरम असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, 15-20 मिनिटं. फ्रीजरमध्ये विसरलात तर गोठून फुगते आणि मग मात्र झाकण खरोखर सुटतं. फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने राहिलेल्या बाटलीच्या तळाशी खडे दिसतात. ती काच नव्हे, साखरही नव्हे, द्राक्षाच्याच टार्टरिक आम्लाचं मीठ. हलक्या हाताने ओता.

कडक भाकरी आणि दह्यात कालवलेली शेंगा चटणी यांच्याबरोबर जमते, दाण्याची चव दोन्हीकडे भेटते. कोरड्या चटणीबरोबर मात्र अल्कोहोल तिखट आणखी भडकवतं. उजनीच्या तळलेल्या चिलापीबरोबर सगळ्यात छान. काळ्या मसाल्याच्या मटणापुढे ती दिसतही नाही.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये तीन दिवस बरी राहते. चौथ्या दिवशी वास बसतो. त्यापेक्षा उघडल्याबरोबर अर्धी वाईन धुऊन वाळवलेल्या 375 मिलीच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून घ्या, आठवडाभर टिकते. तिलाही फिरकीचंच झाकण लावा.