चिपर नवा घ्यावा की वापरलेला? किनाऱ्यावरचा हिशेब वेगळा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं आणि माड-पोफळीची आगरं आडवी झाली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनारा घासत गेलं. दोन्ही वेळा करवती होत्या, गडी होते; काम अडलं ते ढिगांपाशी. पावसात ओल्या फांद्या पेटत नाहीत, आणि माडाचा कुजका बुंधा तसाच ठेवला तर त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि उभ्या माडांवर येतो. तेव्हापासून झाडतोडीच्या कामातले ओळखीचे लोक मला एकच विचारतात: चिपर (फांद्यांचा चुरा करणारं यंत्र) घ्यायचाय, नवा की जुना?

माझं मत आधीच सांगतो. वर्षाला शंभर तासांच्या वर काम असेल तर नवा घ्या. त्याखाली असेल तर वापरलेला चालेल, पण शक्यतो घाटावरून आणलेला.

घाटावरून, कारण आपल्याकडे यंत्र चालून झिजतं त्यापेक्षा उभं राहून जास्त सडतं. खारा वारा आणि चार महिन्यांची ओल. ताडपत्रीखाली झाकून ठेवलं की आत वाफ धरते, आणि बेअरिंगमध्ये गंज बसतो तो बाहेरून दिसतही नाही. सांगली-कोल्हापूरकडचा हजार तास चाललेला, वेळच्या वेळी ग्रीस मिळालेला चिपर मी समुद्राजवळच्या तीनशे तासांच्या चिपरपेक्षा आधी उचलेन.

हे मला पैसे घालवून कळलं. पहिला चिपर घेतला तेव्हा त्याचा कोरा करकरीत लाल रंग बघून मी भुललो. दुसऱ्याच आठवड्यात आंब्याची मनगटाएवढी फांदी घातली आणि पाती बसवलेला फिरता ड्रम करकरून थांबला. हाऊसिंग उघडलं तर बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे, आणि बैठकीला केसाएवढी चीर, वरून लांबी (पुट्टी) भरून रंगवलेली. तेव्हापासून ताजा रंग दिसला की मी छोटी हातोडी काढतो. पत्र्यावर हलके ठोके मारत जायचं. चांगला पत्रा टणकन वाजतो, गंजलेला बद्द बोलतो.

जुना बघताना इंजिन बंद करा, चावी खिशात घाला आणि पट्टा उतरवायला लावा. मग लाकडी दांडक्याने ड्रम सावकाश फिरवा. तो सलग फिरून आपोआप थांबला पाहिजे. वाळू रगडल्यासारखी खरखर आली तर बेअरिंग गेलं. बेअरिंग बदलता येतं, तेवढी रक्कम किमतीतून कापून घ्या. शाफ्ट वरखाली हलत असेल तर मात्र निघून या. पुढे पाती बघा. घासून घासून अरुंद झाली असतील तर नवा संच लागणार, त्याचं दुःख नाही. पण पाती बसवायची भोकं लांबट झाली असतील किंवा ड्रमवरचे आटे गेले असतील, तर तो सौदा नकोच. फिरत्या ड्रमवरून सुटलेलं पातं माणसाच्या अंगावर येऊ शकतं. आणि तोंडाजवळचा थांबवायचा दांडा तारेने बांधून ठेवलेला दिसला, तर यंत्र कितीही स्वस्त असो, घेऊ नका. ज्याने तो दांडा बांधला त्याने बाकीची निगाही तशीच राखलेली असते.

मागितलेली किंमत नव्याच्या निम्म्याच्या पुढे गेली की मी बोलणं थांबवतो.

नव्यात तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः भरवशाचे. मे महिन्यात आंब्याच्या कलमांची काढणी उरकत आलेली असते, घरांवर आणि तारांवर आलेल्या फांद्या पावसाआधी काढायच्या असतात, तेव्हा यंत्र चार दिवस बंद पडलं तर त्या वर्षीचं काम दुसऱ्याकडे जातं. वॉरंटीत पाती आणि पट्टे बहुधा येत नाहीत, हे लेखी विचारून घ्या. मेकॅनिक कुठून येणार, हेही विचारा. घाट उतरून यायचा असेल तर त्या वॉरंटीची किंमत अर्धीच धरा. स्वतःची बाग असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी अर्ज करा. ते नव्याच यंत्राला मिळतं, आणि पूर्वसंमती हातात येण्याआधी बिल केलं तर मिळत नाही. घाई करून लोक इथेच गमावतात.

नवा असो वा जुना, ताकद जुळवूनच घ्या. आपल्याकडे पाखाडीवरून (अरुंद दगडी वाट) आणि दळ्यांतून (उतारावरचे छोटे तुकडे) जायला छोटेच ट्रॅक्टर असतात, आणि इंजिनची सगळी अश्वशक्ती मागच्या पीटीओपर्यंत (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा फिरता दांडा) पोचत नाही. चिपरवाला सांगतो तो आकडा पीटीओचा की इंजिनचा, हे विचारा. फांदीची जाडीही ओल्या, मऊ लाकडाची सांगतात. वाळलेल्या ऐनाचं कठीण लाकूड घालून बघा म्हणजे कळेल. माडाच्या झावळ्या हाच मुख्य माल असेल तर साधा पात्यांचा चिपर त्रास देतो, तंतू शाफ्टला गुंडाळतात. त्याला हातोड्यांचा श्रेडर बरा, तो पात्यांऐवजी हातोड्यांनी ठेचून तुकडे करतो. चुरा पातळ पसरून आळ्यात घाला, ढीग करून ठेवू नका, नाहीतर गेंड्याला तिथेही घर मिळेल.

जुना बघायला दसऱ्याच्या सुमारास जा. पावसाळा नुकता सरलेला असतो, चार महिन्यांचा गंज अंगावर असतो आणि रंगाचा डबा अजून उघडलेला नसतो. फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. थंड इंजिन कितव्या झटक्याला उठतं आणि उठल्यावर धूर कसा सोडतं, ते समोर उभं राहून बघा.