कुत्रा गळ्यात न मारणारं शेल्टर (चार तारे)

कुत्रा खपवायची घाई नाही, ही या शेल्टरची पहिली जमेची बाजू. मॉलमधल्या दत्तक मेळाव्यात पिल्लाला रिबीन बांधून हातात ठेवतात तसला प्रकार इथे नाही.

मी नेरूळला घरून डबे देते. दिवसभर घरात असते, म्हणून पिल्लू नको, मोठा आणि शांत कुत्रा द्या, एवढंच सांगितलं होतं. तिथल्या मुलीने बंड्यापुढे नेऊन उभं केलं. म्हणाली, "काकू, हा शांत आहे, पण आधी सगळं ऐकून घ्या." मग त्याचा ओठ वर करून दात दाखवले. तपकिरी, वरचं कवच जागोजागी उडालेलं. पक्के दात तयार होत असतानाच डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार, झाला की असे दात येतात. त्याच आजारामुळे मागचा डावा पाय सारखा उडत होता, तालात, आणि झोपेतही थांबत नाही म्हणाली. "हे पूर्ण बरं करून देतो असं कोणी सांगितलं, तर पैसे घालवू नका." आता बोला! भाजीवालासुद्धा किडकं वांगं तळाशी लपवतो.

शिवाय गोचीडताप. रक्तातल्या प्लेटलेट उतरलेल्या, डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू. साधारण चार आठवड्यांचा कोर्स असतो. गोळी कोरडी द्यायची नाही, घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम होते. आणि दूध, पनीर, पेढा यांत घालून तर नाहीच, कॅल्शियममुळे औषध नीट अंगी लागत नाही. हे सगळं त्या मुलीने मला पाठ म्हणायला लावलं. मी उकडलेल्या कलेजीत दडवून द्यायचे आणि वर पाणी. बंड्या कलेजी गिळून गोळी तेवढी ओट्याखाली थुंकायचा, ते वेगळं. ताप गेला, रिपोर्टही सुधारला. पाय उडतोच आहे.

सासूबाईंना धास्ती होती की घरात आजार शिरेल. डिस्टेंपर माणसाला होत नाही, हे शेल्टरच्या डॉक्टरांनी त्यांना फोनवर न कंटाळता समजावलं. पटलं की नाही कोण जाणे, पण हल्ली भाकरीचा पापुद्रा त्याच्यासाठी त्याच काढून ठेवतात.

फाईलमध्ये एक कागद फार कामाचा निघाला: ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांची प्रत. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. आमचे सेक्रेटरी "जिन्याने न्या" म्हणत होते. तीन पायांवर भार टाकणारा कुत्रा पाचव्या मजल्यावर जिन्याने! कागद वाचून झेरॉक्स मागितली, पुढे विषय नाही. पालिकेचा परवाना आणि रेबीजची लस मात्र आपण वेळेवर करायची, तिथे कुरकुर नको.

आता तारा का कापला ते. लसीच्या पुस्तिकेत डिस्टेंपर आणि पार्व्हो (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूजन्य आजार) यांच्या लसीपुढे नुसती तारीख, बाटलीवरचं स्टिकर नाही, सही नाही. आमच्या डॉक्टरांनी ती लस धरलीच नाही, पुन्हा टोचली. आधीचा रक्ताचा रिपोर्ट "पाठवतो, पाठवतो" करत आलाच नाही, तपासणी माझ्या खर्चाने परत. एवढं खरं बोलणाऱ्यांनी कागद असे ठेवावेत, याचा राग येतो. आजारी जनावर देताना फाईल हेच औषध असतं. उलट बंड्याचे फोटो मात्र तेच हक्काने मागतात. पाठवते मी, तक्रार नाही.

जाणाऱ्यांनी घरच्या टाइल्सचा विचार आधी करा. गुळगुळीत फरशीवर असा पाय सरकतो. मी हॉलभर काथ्याची पायपुसणी टाकलीत, दिसायला भयाण, पण तो उठतो नीट. घरात लस न झालेलं पिल्लू असेल तर नुकताच डिस्टेंपरमधून उठलेला कुत्रा आणू नका, तो बरा दिसला तरी काही काळ विषाणू पसरवू शकतो. आणि तिथे सकाळीच जा, दुपारी डॉक्टर नसतात आणि फोन कोणी उचलत नाही.