वॅगनआर नवी घ्यायची की जुनी? आमची २०१९ ची, आणि तिच्यासोबतचा सगळा हिशोब

छोटी गाडी घ्यायचीय आणि पैसे वाचवायचेत तर दोन-तीन वर्षं जुन्या गाडीच्या नादाला लागू नका, एकतर सरळ नवी घ्या नाहीतर मग पाच-सहा वर्षांची बघा, मधलं काही परवडत नाही असं माझं आता पक्कं मत झालंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, वरचा सेस म्हणजे जादा करही गेला आणि वॅगनआरचं बेस मॉडेल एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स-इन्शुरन्स न धरता, ५ लाखाच्या आत आलं. त्यावर आपल्याकडे महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स म्हणजे ५५ हजार, मग इन्शुरन्स वगैरे धरून ऑनरोड सहाच्या आतबाहेर. आणि नाशकात आम्ही फिरलो तेव्हा २०२२ च्या गाडीला पावणेपाच लाख मागत होते! ट्रान्सफरचा खर्च आपला, जुन्या गाडीच्या लोनला व्याज जास्त, आणि नव्या वॅगनआरला आता सगळ्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग येतात त्या पण सोडायच्या. सव्वा लाखासाठी एवढं कशाला.

सहा वर्षांच्या गाडीचं गणित वेगळंय. इन्शुरन्सवालेच गाडीची किंमत पाचव्या वर्षापर्यंत निम्मी धरतात, म्हणजे मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. आम्हाला २०१९ ची एक लिटर इंजिनची व्हीएक्सआय (मधलं मॉडेल) ३ लाख २० हजाराला मिळाली, नाशिक पासिंग, फर्स्ट ओनर.

घ्यायच्या आधी मेकॅनिक सोबत न्याच, त्याच्या दिवसभराच्या मजुरीकडे बघू नका. आमच्या मेकॅनिकने किलोमीटरचा आकडा बघितलाच नाही, तो आधी खाली वाकून क्लचच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघत बसला, मग सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला कारण पुराच्या पाण्यातली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेष राहते म्हणे. डिक्कीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघितला, बॉनेटच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा आहेत का ते बघितलं. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, आमचे चारही टायर ओरिजनल निघाले म्हणजे ते बदलायला आले होते, तेवढ्यावर भाव कमी करून घेतला. सर्व्हिसचं रेकॉर्ड सर्व्हिस सेंटरमधून गाडी नंबरवर काढलं ते वेगळंच. सीएनजी बघत असाल तर टाकीची टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, त्याचं सर्टिफिकेट मागा.

आता गाडी कशी आहे. आईचे गुडघे दुखतात, तिला वाकायला न लागता बसता येतं, आमच्यासाठी अर्धा निर्णय इथेच झाला. डिक्की ३४१ लिटर, गावाकडून तांदळाचं पोतं आणि बॅगा आरामात बसतात. शहरात लिटरला १६ किलोमीटर देते, हायवेला २० च्या पुढे. पाच माणसं आणि एसी लावून कसारा घाट चढताना मात्र सेकंडला यावंच लागतं, जास्त घाटात जाणाऱ्यांनी १.२ लिटर इंजिनवालीच बघावी. आणि सेफ्टीचं स्पष्ट सांगतो, गाड्या आपटवून सेफ्टी तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने २०२३ मध्ये वॅगनआरला एकच स्टार दिलाय, २०१९ च्या बऱ्याच गाड्यांत तर फक्त ड्रायव्हरलाच एअरबॅग आहे. घरात लहान मुलं असतील आणि रोजचा हायवे असेल तर मी जुनी घ्या असं म्हणणार नाही, तिथे नवीलाच पैसे घाला.

कागदपत्रांचं म्हणाल तर गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर बसून घ्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, चलान पेंडिंग आहेत का तेही ऑनलाइन बघून घ्या. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करायचा असतो, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जुन्या मालकाचा, तो गाडीसोबत येत नाही, त्यामुळे प्रीमियमचा फरक भरायची तयारी ठेवा. दिल्ली पासिंगची गाडी लाखभर स्वस्त दिसली तरी तिथली एनओसी, इथे परत रोड टॅक्स आणि नवीन नंबर हे सगळं धरून मग भाव बोला.