हब मोटर: हॉल सेन्सरवाली की बिनसेन्सरची?

सायकलला हब मोटर (चाकाच्या मध्यभागीच बसणारी मोटर) बसवायची ठरली की कंट्रोलरपाशी, म्हणजे मोटरला वीज कधी नि किती द्यायची हे ठरवणाऱ्या डब्यापाशी, गाडी अडते. मी दोन्ही प्रकार वापरलेत, मुंबईत सायन ते परळ, रोज.

निघण्याच्या बाबतीत हॉलला तोड नाही. चाक उभं असतानाही रोटर (मोटरचा फिरणारा, मॅग्नेटवाला भाग) कुठे आहे हे मॅग्नेट ओळखणारे तीन हॉल सेन्सर सांगतात. सिग्नल सुटला, थ्रॉटल दिला, निघाली. बिनसेन्सरचा कंट्रोलर मात्र ज्या फेजमध्ये (मोटरच्या तीन वाइंडिंगपैकी एकीत) त्या क्षणी करंट नाही, तिच्यावर उमटणाऱ्या बॅक ईएमएफवरून, म्हणजे मोटर फिरताना तिच्यातच तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून, रोटरची जागा ओळखतो. हा ईएमएफ वेगाच्या प्रमाणात असतो, म्हणजे उभ्या चाकाला शून्य. त्यामुळे पुलाच्या चढावर नुसत्या थ्रॉटलवर मोटर थरथरते, कधी किंचित मागेही सरकते.

म्हणून मीही आधी हॉलवालीच घेतली. मग पावसाळा आला.

हॉलच्या पाच बारीक वायरी (5 व्होल्ट, ग्राउंड, तीन सिग्नल) फेजच्या जाड वायरींसोबत एक्सलमधून बाहेर येतात. हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून सायकल काढली आणि दुसऱ्या दिवशी ती झटके देऊ लागली. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. पुसून, सुकवून आठवडाभर चालली, मग एक सेन्सर गेलाच. वस्तू किरकोळ, लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. पण हब उघडायचं, मॅग्नेटच्या ओढीशी झगडत स्टेटर (वाइंडिंगचा न फिरणारा भाग) बाहेर काढायचा, खाचेतला जुना गोंद खरवडून नवा सेन्सर सरळ बसवायचा, यात माझा अख्खा रविवार गेला. पुढच्या जुलैत पुन्हा तेच.

तेव्हा कंट्रोलर बदलला. आता चाकाकडे तीनच जाड वायरी जातात. माझं हब बिनगिअरचं आहे, म्हणजे मोटर चाकाला थेट जोडलेली, त्यामुळे अर्धा पायडल मारला की मोटरही फिरते आणि कंट्रोलरला हवं ते मिळतं. सायकलवर पाय असतातच, म्हणून थरथर मला फारशी जाणवली नाही. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

मागे पाण्याचे जार वाहायचे असतील किंवा गुडघ्यांमुळे पायडल जमत नसेल, तर हॉलवालीच घ्या, फक्त कनेक्टर सीटखाली उंच बांधा. दोन्हीवर चालणारे कंट्रोलरही मिळतात. हॉल गेला तरी ते घरापर्यंत आणतात. माझाही तसलाच आहे, पण हॉलचा प्लग मी मोकळाच ठेवलाय, टेप गुंडाळून.