तुंबडी: आगीची की पंपाची?

शांघायला तीन वर्षं नोकरीत होतो. दिवसभर स्क्रीनसमोर बसून मान आणि उजवा खांदा असा आखडायचा की शेवटी एका चिनी सहकाऱ्यानं मला 'बाग्वान' करायला नेलं. म्हणजे आपली तुंबडीच, कातडीवर कप लावून, आतली हवा कमी करून कातडी वर ओढून धरायची. चिनी वैद्यकातलं तिचं जुनं नाव 'ज्याओफा', शिंगाची पद्धत. चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याच्या लिखाणात शिंगाचा उल्लेख आहे, आणि आपल्याकडेही शिंग आणि भोपळाच वापरत. आज निवड उरते ती काचेचा कप की पंपाचा, एवढीच. बांबूचेही मिळतात, पण आत कातडी किती ओढली गेली ते दिसत नाही, म्हणून मी ते सोडून दिले.

काचेच्या कपात स्पिरिटचा पेटता बोळा क्षणभर फिरवून बाहेर काढतात आणि कप लगेच पाठीवर टेकवतात. आतली हवा निवते, आकसते, कातडी वर येते. पंपाच्या कपातली हवा वरच्या व्हॉल्व्हमधून हातपंपानं ओढून काढतात; त्याला आगीची गरज नाही, तो फुटत नाही, घरी लावता येतो. म्हणून मीही आधी तोच संच आणला.

माझं बिनसलं ते त्याच्या व्हॉल्व्हवर. दहा मिनिटं ठेवायचे म्हणून सात कप लावले, की चार-पाच मिनिटांत एखादा सैल पडायचाच. पाठीवरचं आपल्याला दिसत नाही, त्यामुळे बायकोला हाक. ती पुन्हा त्याच जागी लावणार, आणि आता सुटू नये म्हणून दोन दट्टे जास्त मारणार. एकदा खांद्याच्या फऱ्यावर असं तीनदा झालं आणि फोड आला. आठवडाभर शर्ट टोचत होता. सगळ्याच संचांचं असं होत असेल असं नाही. पण ओढ किती झाली हे पंप मारणाऱ्याच्या हाताला कळत नाही, हे मात्र खरं.

काचेची कड जाड आणि गुळगुळीत असते. पाठीला तेल लावून कप मणक्याच्या बाजूनं वरखाली सरकवतात, त्याला 'झोउग्वान' म्हणतात. माझी मान मोकळी झाली ती त्यानंच. पंपाच्या कपाची पातळ कड तिथं रुतायची.

आगीच्या तुंबडीत भाजण्याचा धोका आहेच, त्यामुळे ती शिकलेल्या हातानंच करून घ्यावी, घरी नाही. जांभळे वण दोन्हींचे सारखेच, आठवडाभर राहतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गरोदरपण असेल किंवा कातडीला जखम असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दुखणं खात्रीनं जातंच असा पक्का वैद्यकीय पुरावा नाही; मी माझ्या खांद्यापुरतं सांगतो आहे.

पोटरी किंवा मांडीला स्वतःच लावणार असाल, तर पंपाचा संच घ्यायला हरकत नाही. माझा मी धाकट्या भावाला दिला. तो पळायला जातो. पाठीसाठी मात्र मी पुण्यात परतल्यावर आगीचे कप लावणारा माणूस शोधून काढला, आणि महिन्यातून एकदा तिथंच जातो.